काकूंच्या घरातली खुडबुड

मी घोरतो, म्हणून मला गोरेगावात जागा मिळाली. आमच्या घरात ही गोष्ट माझ्या कर्तबगारीचा दाखला म्हणून सांगितली जाते. दाखवण्यासारखी दुसरी कर्तबगारी नसल्यामुळे मीही ती सांगू देतो.

पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मी नि माझी बायको गिरगावात थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत एका पडद्यामागे संसार करत होतो. पडदा फुलाफुलांचा होता, एवढंच त्या संसाराचं वैभव. कुणीतरी सांगितलं, गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओच्या अंगाला एका म्हाताऱ्या बाईंची कौलारू बंगली आहे, दोन खोल्या द्यायच्या आहेत, पण बाई जरा चमत्कारिक आहेत. ही म्हणाली, "पडद्यापेक्षा चमत्कारिक काय असणार?" आणि आम्ही गेलो.

बाई ठेंगण्या, गडद लुगडं नेसलेल्या, कान जरा पुढे काढून ऐकणाऱ्या. सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून आम्हीही काकू म्हणालो. त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, गाव विचारलं नाही.

"घोरता का?" त्यांनी विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. जागा बघायला गेलेल्या माणसाने आणखी काय म्हणावं?

"मग नाही जमायचं."

"घोरतात हो!" ही मागून ओरडली. "खोटं सांगतायत. पडदा हलतो!"

"मधेच थांबतात की एकसुरी?"

"एकसुरी. सकाळपर्यंत."

"या मग," काकू म्हणाल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या.

त्या आत गेल्या आणि त्या उघड्या दारातून मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. लांब कुठेतरी बाया बसून तांदूळ पाखडताहेत, मधेच एखादी थांबतेय, दुसरी सुरू करतेय, असा. ऐकताना डोळे जड होत. मला वाटलं, वाऱ्याने झावळ्या हलत असतील. झावळ्या नव्हत्या. मधल्या खोलीत चहाची रिकामी खोकी भिंतीला लावून मांडली होती, तोंडाला जाळ्या ठोकलेल्या, आत लाकडाचा भुसा, आणि भुशात पांढरे, गुलाबी डोळ्यांचे उंदीर. काही खात होते, काही धावत होते, काही एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपले होते. मी दोन पावलं मागे आलो आणि हिच्या पायावर पाय दिला. उंदराला मी घाबरतो. नवरेपणाच्या भरात एवढे दिवस ते लपवून ठेवलं होतं, ते तिथे संपलं.

काकूंचे यजमान शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कारकून होते. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन घरी येतात. हे गृहस्थ जेवणाच्या डब्यातून पांढऱ्या उंदरांची एक जोडी घेऊन आले. पुढे ते वारले. जोडीचं मात्र गोकुळ झालं. उंदरांना जागा पुरेना, तेव्हा स्टुडिओतल्या अजगराशी काकूंचा व्यवहार जमला.

हो, अजगर. त्या काळी देवादिकांची चित्रं धडाधड निघत होती, आणि देवादिकांना साप लागतात. स्टुडिओच्या मागच्या बाजूला एका शेडमध्ये एक वयस्कर माणूस साप सांभाळायचा. त्याला सगळे वस्ताद म्हणत. त्याच्या ताब्यातल्या अजगराने इतक्या पौराणिक चित्रांत काम केलं होतं की पुण्याचा हिशेब काढला तर आमच्या चाळीतल्या कीर्तनकारबुवांच्या पुढे गेला असता. तो उंदीर खायचा, आणि ते काकूंकडून जायचे.

रविवारी सकाळी काकू वेताची पेटारी घेऊन निघायच्या. आम्ही राहायला गेल्यावर ती पेटारी धरायचं काम माझ्याकडे आलं. हात शक्य तेवढा लांब करून मी ती धरायचो. त्यामुळे आम्हाला बघणाऱ्याला वाटे, हा माणूस कुणाला तरी काहीतरी सन्मानाने अर्पण करायला निघालाय. निघण्याआधी काकू त्या उंदरांना दहीभात घालायच्या. प्रवासाला निघालेल्याला घालतात तसाच, बशीत कालवून, वर चिमूटभर साखर.

"काकू," मी एकदा म्हणालो, "इतक्या मायेने वाढवता आणि अजगराला देता?"

"कुणाच्या ना कुणाच्या तोंडी सगळेच जायचेत, बाबा. माझ्या घरून उपाशी कुणी गेलं नाही."

शेजारच्या बाईंनी एकदा धर्म काढला. "गणपतीचं वाहन हो ते! सापाला घालता?"

"गणपतीला एक पुरतं," काकू म्हणाल्या. "इथे पाटीभर होतात. तुम्हाला देऊ?"

धर्माचा विषय तिथे संपला.

स्टुडिओत वस्तादच्या शेडकडे जायची वाट स्वर्गातून होती. म्हणजे स्वर्गाच्या सेटमधून. प्लास्टरचे खांब, कापसाचे ढग, ढगांवर पाय पसरून बिड्या ओढणारे सुतार. एक अप्सरा मुकुट मांडीवर घेऊन भजी खात होती. काकू त्यातून अशा चालायच्या जशा बाजारातून. आजही मला कधीकधी स्वप्न पडतं, त्यात मी कापसाच्या ढगातून पेटारी घेऊन चाललेलो असतो, पुढे एक ठेंगणी पाठ असते, आणि पेटारीत कुणीतरी हलकेच दहीभात खात असतं. त्या स्वप्नात मी उंदराला घाबरत नाही. सकाळी उठल्यावर घाबरतो.

काकूंचं आवाजाचं वेड मला पुष्कळ दिवस विनोदी वाटत होतं. त्यांच्या घरातलं एकही बिजागर तेल लावलेलं नव्हतं. रहाटाला तेल घालायला निघालेल्या माणसाला त्यांनी हाकलून दिलं होतं. पाहुणा गप्प बसला की त्या त्याच्या हातात निवडायला तांदूळ द्यायच्या. मी एखाद्या रात्री तोंड मिटून झोपलो, तर सकाळी, "काल बरं नव्हतं का रे? ऐकू आला नाहीस," म्हणून चौकशी करायच्या. "आवाज आहे तोवर घर आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही नवराबायको एकमेकांना भांडताना ते ऐकवायचो.

मग हिला दिवस गेले.

इथे सांगायला हवं की हिची आई लहानपणीच गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणतात, पण हिचं माहेर म्हणजे दोन भावजया, एक मोरी आणि 'ये हं कधीतरी' एवढंच. म्हणजे मूल जे जन्मायचं ते याच घरात. आणि या घरात भिंतीपलीकडे उंदरांचा उग्र वास. ही सकाळी उठायची, त्या वासाने मोरीकडे धावायची आणि तिथून मला म्हणायची, "सांगा त्यांना! मी माझं पोर उंदरांत वाढवणार नाही!"

मी सांगतो म्हणायचो. सांगत नव्हतो. शेवटी हिनेच सांगितलं, पदर नाकाला लावून.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंय पोरी. दोन जिवांची बाई तू. हलवू आपण." आणि त्याच दिवशी आम्ही सगळी खोकी उचलून परसातल्या पत्र्याच्या पडवीत नेली. मी माझा वाटा उचलला, डोळे मिटून.

घर धुऊन निघालं. हिला भूक लागायला लागली. गाल भरले. आणि काकू मात्र वाळत चालल्या. पहाटे मी उठावं तर त्या ओट्यावर बसलेल्या, डोळे तारवटलेले. भांडी उगाच आपटायच्या. मला म्हणायच्या, "जरा मोकळेपणाने घोर ना रे, हल्ली हात राखून घोरतोस." पडवी घरापासून लांब होती, खुडबुड आत पोचत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचं काय करायचं ते आलं नाही.

वैशाखातला एक रविवार. अशी दुपार की कावळासुद्धा चोच उघडी टाकून गप्प बसलेला. काकू उंदरांना पाणी ठेवायला परसात गेल्या आणि लगेच परत आल्या. धावत नाही, रडत नाही. हिच्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ पोरी. स्टोव्ह विझव. कशाला हात लावू नकोस, धान्याला तर नाहीच. घर सोडायचंय."

मी पडवीत जाऊन बघितलं. खोक्यांत सगळे आडवे झाले होते. पत्रा असा तापला होता की मी हात लावला आणि ओरडलो.

"काकू, उन्हाने गेले हो! पत्रा तापलाय, बाकी काही नाही."

"तेव्हाही असंच म्हणाले," काकू म्हणाल्या. "धान्य बाधलं म्हणाले. वडील म्हणाले, उद्या बघू." त्यांनी हिचा हात धरला. "उंदीर पडले की त्या घरात राहायचं नाही. चल."

मी हिच्याकडे बघितलं. गिरगावात वाढलेली, दोन आण्यांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवाल्याला रडवणारी बाई ही. मला वाटलं, आता ही काकूंना गप्प बसवेल. हिने पायात चपला घातल्या.

"अगं, तू कुठे?"

"चूप बसा तुम्ही. गादी घ्या आणि मागून या."

काकू सरळ स्टुडिओत निघाल्या. वस्तादने आम्हाला पाहिलं. पुढे काकू, त्यांचा हात धरून पोट सावरत ही, मागे डोक्यावर गादी घेतलेला मी. "उंदीर पडले," काकू म्हणाल्या. तो म्हणाला, "गावात राहा, माँजी. शूटिंग बंद आहे. कोई नहीं आता."

ते गाव स्टुडिओच्या मागच्या माळावर होतं. कुठल्या तरी चित्रासाठी बांधलेलं, आणि ते चित्र अर्ध्यावर थांबलेलं. एक गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, पार, देऊळ, विहीर. घरांना दारं होती, खिडक्या होत्या, ओसरीवर कोनाडे होते. पण दार उघडून आत पाऊल टाकलं की तुम्ही पलीकडच्या गवतात. मागे फक्त बांबूंचे टेकू. देवळात देव नव्हता. विहीर गुडघाभर खोल होती. पारावरच्या पिंपळाला कापडाची पानं होती, ती वाऱ्यावर आवाज न करता हलायची. काकू त्या गल्लीतून सावकाश फिरल्या. प्रत्येक दार ढकलून बघितलं. मग एका घरासमोर थांबून म्हणाल्या, "हे बरंय. इथे आढंच नाही. उंदीर पडतील कुठून?"

आम्ही तिथे राहिलो. आज सांगताना माझ्या मुलांना पटत नाही, मलाही पुरतं पटत नाही. सकाळी वस्ताद चहा आणायचा. मी गुडघाभर विहिरीत बादली ठेवून दाढी करायचो आणि फोर्टातल्या कचेरीत जायचो. हेडक्लार्कनी विचारलं, "हल्ली राहता कुठे?" मी म्हणालो, "दर्शनी भागात." संध्याकाळी परत यावं तर माळावर सोनेरी ऊन उतरलेलं, त्या पुठ्ठ्याच्या खिडक्यांमधून डोंगर दिसताहेत, आणि दोघी ओसरीवर बसलेल्या, ही चिंच खाते आहे, काकू तिच्या केसांची वेणी घालताहेत. असं वाटे की हे गाव एकदा कधीतरी होतं, मग उठून गेलं, आणि आम्ही तिघं त्याची आठवण म्हणून मागे राहिलो आहोत.

अशाच एका संध्याकाळी काकू वेणी घालता घालता बोलल्या. त्यांचं गाव घाटावरचं. त्या परकऱ्या पोर होत्या, प्लेगची साथ आली तेव्हाच्या. "आमच्या माळवदात उंदीर फार. रोज धावायचे. त्या आवाजात मी झोपायची. एक दिवस धावायचे थांबले. आई म्हणाली, अगंबाई, किती शांत वाटतंय." काकूंनी वेणीचा पेड घट्ट ओढला. "दुसऱ्या दिवशी चुलीपाशी एक पडला. शेजारचे माळावर झोपड्या टाकून राहायला गेले. वडील म्हणाले, धान्य बाधलं असेल, उद्या बघू. मग आई गेली, दोघे भाऊ गेले. वडील गेले. मला मामाने उचलून नेलं."

काकूंनी वेणीला गाठ मारली.

"इथे बंगली बांधली तर नव्या घरात उंदीरच नाही. मला झोप येईना. यांना मी कधी कारण सांगितलं नव्हतं. पण त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, डब्यातून जोडी आणली. त्या दिवशी मी जी झोपले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले."

ही उठून पाराच्या पलीकडे गेली. मी मागून गेलो. "चल ना घरी," मी म्हणालो. "आठवा लागेल आता. पुठ्ठ्याच्या घरात बाळंत होणार आहेस का?"

"माझ्यासाठी त्यांनी खोकी हलवली," ही म्हणाली. "त्यांना इथे माळावर टाकून मी त्यांच्या घरात बाळंत होऊ? त्या येतील तर मी येईन. तुम्ही बघा काय ते."

तुम्ही बघा काय ते, हे वाक्य हिने मला आयुष्यात अनेकदा ऐकवलं आहे, आणि दर वेळी मी बघत राहिलो आहे. त्या वेळी मात्र मी काकूंना विचारलं, "घरी परत जायचं कधी, हे तुमच्याकडे कसं ठरवायचे?"

"उंबऱ्याशी पीठ पसरायचं. उंदराचं पाऊल उमटलं की घर पुन्हा जितं झालं."

माणूस गेल्यावर दिव्याखाली पीठ पसरून पावलं बघतात, ते मला माहीत होतं. उंदराची वाट बघत पीठ पसरायचं, हे पहिल्यांदाच. मी रोज संध्याकाळी बंगलीत जाऊन ज्वारीचं पीठ पसरायचो आणि सकाळी बघायचो. जन्मभर ज्याला घाबरलो त्याला मी कान जमिनीला लावून बोलवत होतो. एक पाऊल उमटेल तर शपथ. मुंगीसुद्धा नाही.

शेवटी मी माझ्या बुद्धीचा आधार घेतला. आगपेटीच्या काडीने पिठात नाजूक पावलं काढली, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, आणि काकूंना बोलावून आणलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"उंदीर आला खरा," त्या म्हणाल्या. "पण शेपूट घरी ठेवून आला वाटतं. पिठात शेपटीची रेघ उमटते, बाबा." मग मान आत लांबवून, "आणि देवघरात गेला तो परत आला नाही. मोक्ष मिळाला त्याला." त्या रागावल्या नाहीत. उलट पहिल्यांदाच जरा हसल्या. "आमच्या यांनीही हेच केलं असतं. पण ते शेपूट विसरले नसते."

आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या.

हिने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "एक काम धड होईल तर!" मग काय मनात आलं कोण जाणे, तशीच वस्तादच्या शेडकडे चालू लागली. मी मागे, काकू माझ्या मागे.

अजगर वेटोळं घालून पडला होता. त्याच्या डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती.

"कात टाकतोय," वस्ताद म्हणाला. "आता खाणार नाही. तुमचे मागच्या खेपेचे असेच पडून आहेत."

कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात काकूंचे उंदीर होते. जिवंत, लठ्ठ, काहीतरी कुरतडत.

"एक नर, एक मादी द्या," ही म्हणाली.

वस्तादने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. हिने पदर पुढे पसरला. आमच्यात पोटुशी बाईची ओटी भरतात, तांदूळ, नारळ, फळं. वस्तादने हिच्या ओटीत दोन उंदीर ठेवले. हिचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या ताणलेल्या. पण पदर मोकळा सोडला नाही. स्वर्गातून आम्ही परत निघालो. सुतारांनी बिड्या खाली केल्या.

बंगलीच्या दारात हिने वाकता येईल तेवढं वाकून दोघांना पिठाच्या अलीकडे सोडलं.

"हे कुठून आणलेस ते मला दिसलंय," काकू पायरीखालून म्हणाल्या. "माझ्याकडचेच, पण एकदा गेलेले. आता बाहेरचे आहेत."

"मग मी कुठली?" ही वळली. घामाने थबथबलेली. "मीपण बाहेरूनच आले ना या घरात? तुम्ही तरी? सून येते ती बाहेरून, मूल येतं ते बाहेरून. घरात आपोआप काय उगवतं काकू? जळमटं!"

उंदरांपैकी एकाने पिठाचा वास घेतला, मिशा हलवल्या आणि उंबऱ्यावरून आत गेला. दुसरा त्याच्यामागे. पिठात इवली इवली पावलं उमटली आणि त्यांच्या मधून दोन बारीक, वळणं घेत गेलेल्या रेघा.

काकू त्या रेघांकडे फार वेळ बघत होत्या. मग त्यांनी लुगडं जरा वर धरलं आणि त्याच पिठावर पाय देऊन आत गेल्या.

खोकं कुठे ठेवायचं, हे मी विचारलं. "मधल्या खोलीत," ही म्हणाली, "माझ्या खाटेशी," आणि मोरीकडे धावली.

मुलगी त्याच घरात झाली. काकूंच्या हातात. त्या वेळपर्यंत खोकी पुन्हा वाढली होती, आणि कात टाकलेला अजगर नव्या अंगाने कुठल्याशा देवाच्या चित्रात कामाला लागला होता.

मुलगी दोनेक महिन्यांची असेल. दुपारची जेवणं झालेली. काकू चटईवर आडव्या, डोळे मिटलेले. ही पाळण्याची दोरी ओढत बसलेली, अर्धवट पेंगुळलेली. मी दारात वर्तमानपत्र धरून. खोक्यांतून तो आवाज, लांब कुठेतरी तांदूळ पाखडताहेत तसा. आणि मधेच तो थांबला. उंदरांचं असं होतं, सगळे एकदम कशाला तरी कान देतात आणि निश्चल होतात.

हिचा हात दोरीवर तसाच थांबला. काकूंचे डोळे उघडले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. दोघी खोक्यांकडे बघत होत्या. मी पान उलटायचा थांबलो.

मग कोपऱ्यातल्या खोक्यात कुणीतरी बाजरीचा दाणा फोडला.

"आहेत," ही म्हणाली आणि दोरी ओढली.

काकू कुशीवर वळल्या.